मागं कुणी न्हाई ना?

इब्राहिमचाचांकडं गाडी शिकायला गेलं की पहिल्या दिवशी क्लच नाही, गियर नाही, काहीच नाही. आधी मान वळवायची.

"मागं बघ."

"बघितलं."

"कुणी हाय?"

"नाही."

"मोठ्यानं बोल की, कॉलेजात गप्पा मारताना आवाज येतो ना?"

"मागं कुणी न्हाई, चाचा!"

मग खिशातून किल्ली काढून हातात देणार. रोज. अख्ख्या जुन्नरात जे जे त्यांच्याकडं शिकलेत ना, त्यांना विचारा, सगळे हसत हसत हेच सांगतील. आमच्या वर्गातली पोरं तर नक्कल करतात. बाईकवर बसायच्या आधी मागं बघून ओरडतात, मागं कुणी न्हाई चाचा!

मला वाटायचं हा पण नियमच असेल. कारण बाकीचे नियम चाचा फार कडक पाळतात. कच्चं लायसन गाडीत पाहिजेच, मोबाईलवर दाखवते म्हणलं तर म्हणणार, "मोबाईलची बॅटरी मेली तर काय, साहेबाला भविष्य सांगशील?" पांढऱ्या पाटीवर लाल एल, पुढं एक मागं एक, आणि त्याच्यावर चिखल उडाला तर चाचा स्वतः रुमालानं पुसणार. शेजारी पक्क्या लायसनवाला माणूस असल्याशिवाय चाक एक वीत हलवायचं नाही. आणि तो माणूस नुसता बसून उपयोग नाही, त्याचा पाय ब्रेकपाशी पाहिजे. चाचांच्या गाडीत डाव्या बाजूला पण क्लच आणि ब्रेक आहे, शिकवायच्या गाडीला असतो तसा. त्या ब्रेकवर चाचांचा बूट कायम टेकलेला.

हे सगळे नियम सरकारचे. मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही, हा मात्र चाचांचा स्वतःचा. एकदा मी माझ्या मैत्रिणीला, अफिफाला, मागं बसवून आणलं होतं, फक्त बाजारपेठेपर्यंत सोडायचं होतं. चाचांनी दार उघडलं, तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरलेच. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "उतर बेटा. चालत जा. पाया पडतो तुझ्या." साठीच्या पुढचा माणूस, पाया पडतो म्हणतोय! अफिफा खाली उतरून नुसती बघत राहिली.

आणि अजून एक. चाचा स्वतः गाडी चालवत नाहीत. खरंच. शिकवतात सगळ्यांना, पण त्यांना स्टेअरिंगवर बसलेलं मी कधी बघितलं नाही. क्लास संपला की हसीनाचाची, म्हणजे त्यांची बायको, बुरखा सावरत येते, ड्रायव्हरच्या सीटवर बसते आणि दोघं घरी जातात. स्टँडसमोरचे रिक्षावाले टोमणे मारतात, "काय चाचा, पोहायला शिकवता आणि स्वतः काठावर?" चाचा हसतात. म्हणतात, "काठावर बसलेल्यालाच बुडणारा दिसतो, राव."

तर माझा क्लास सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, तिसऱ्या गियरपर्यंत मजल गेली होती. नारायणगावच्या रस्त्याला निघालो होतो. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला द्राक्षाच्या बागा, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, मी एकदम खूश. आणि गाडी आपोआप हळू व्हायला लागली. मी ॲक्सिलेटर दाबतेय आणि गाडी जड होत चाललीय, जशी कुणी मागून धरलीय. शेवटी आचका देऊन बंदच पडली, रस्त्याच्या मधोमध.

मी खाली बघितलं. चाचांचा बूट ब्रेकवर. पार दाबलेला.

"चाचा? काय झालं?"

ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांच्या बाजूला एक जादा आरसा लावलेला आहे, त्यात मागची सीट दिसते. त्यात बघत होते.

"वाजवलं ना कुणी?" ते म्हणाले.

"काय वाजवलं?"

"पत्रा. टपावर. दोनदा."

"नाही चाचा. काहीच नाही वाजलं."

"बरं," ते म्हणाले. पाय उचलला. "चल. पहिल्यात टाक. घाई नको."

मी गाडी चालू केली पण माझी मान ताठ झाली होती, आरशात बघायची हिंमत होईना. आणि मला वास आला. तुरट, सुक्या पाल्यासारखा. समोरच्या कप्प्यात एक हिरडा पडलेला असतो कायम, काळा, वाळून सुरकुतलेला. मी आधी विचारलं होतं तेव्हा चाचा म्हणाले होते खोकल्याला. पण तो हिरडा त्यांनी कधी तोंडात टाकलेला मी बघितला नाही, आणि चाचा सारखे खोकतात.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या आधीच त्यांच्या घरी गेले, चाचीकडं. असल्या गोष्टींत मला राहवत नाही. चाची कांदा चिरत होती. मी सरळ विचारलं, चाचांना काय ऐकू येतं?

चाचीनं विळी बाजूला सरकवली.

"तुझ्यासमोर बी झालं का? अगं घरी तर विचारूच नको. माकडं पत्र्यावर उडी मारतात ना, तर हे बसल्या जागी जमिनीवर पाय दाबतात. जेवताना, नमाजाला निघताना. मला आता सवय झाली."

मग तिनं सांगितलं. फार वर्षं झालीत त्याला. तेव्हा चाचा शिकणाऱ्यांना शेवटच्या दिवसांत घाटात न्यायचे, घोडेगाव, डिंभे, आणि पुढं धरणाच्या पाण्याकडेनं आहुप्याच्या रस्त्याला. संपत नावाचा एक मुलगा शिकत होता. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, पाण्यावरून धुकं वर येत होतं. रस्त्याकडेला एक म्हातारी उभी, डोक्यावर हिरड्याचं गठुडं.

"आता त्या रस्त्याला उभ्या माणसाला सोडून कुणी जातं का, सांग तू," चाची म्हणाली. "जीप एकदा गेली की गेली. आपल्याकडं तर शत्रूला बी बसवतात. ह्यांनी संपतला गाडी थांबवायला लावली. म्हातारी मागं बसली."

म्हातारी बोलकी होती. हिरडे दाखवायला लागली. चाचा मागं वळून तिच्या हातातला हिरडा घ्यायला गेले. वळले, तसा त्यांचा पाय ब्रेकवरून निघाला. आणि तेवढ्यात म्हातारीचं उतरायचं ठिकाण आलं. जीपमध्ये काय करतात, पत्रा वाजवतात ना? थांबव म्हणून. तिला काय माहीत एल पाटी म्हणजे काय. तिनं खिडकीतून हात काढला आणि टपावर दोन थापा मारल्या, धाड धाड.

संपतला वाटलं काहीतरी गाडीखाली आलं. त्यानं घाबरून पाय मारला. ब्रेकवर नाही, ॲक्सिलेटरवर.

गाडी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चढली. संपतचं कपाळ फुटलं, तो स्टेअरिंगवर पडला. चाचा बाहेर पडून त्याला ओढायला लागले आणि त्यांनी बघितलं, म्हातारी मागच्या दारातून उतरलीय. कानाजवळून रक्त येतंय. चाचा ओरडले, मावशी थांबा. ती थांबली नाही. पायवाटेला लागली आणि धुक्यात गेली.

"मग?"

"मग काय. संपतला दवाखान्यात न्यायचं का तिच्या मागं पळायचं? संपतला घेऊन आले. तो झाला बरा. दुसऱ्या दिवशी हे परत गेले तिथं. मोरीपाशी हिरडे सांडलेले. त्यातला एक घेऊन आले."

"आणि म्हातारी? वर वाडीत जाऊन विचारलं नाही?"

चाचीनं परत विळी ओढली. 

"विचारलं असतं तर कळलं असतं, तेजू," ती म्हणाली. "आणि कळलं असतं ना, मग?"

त्या दिवसापासून चाचा स्टेअरिंगवर बसले नाहीत. आणि मागच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. चाची म्हणाली, "मला एकदा म्हणले, हसीना, ती जगली का मेली एवढं जरी मला कळलं ना, तर मला कायबी ऐकू आलं तरी चालंल. पण असं न कळता ऐकू येतं ते सोसत न्हाई."

मी त्या दिवशी क्लासला गेले, मागं कुणी न्हाई ओरडले, आणि पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

आता पुढचं जे झालं ते मी ठरवून केलं नाही. नारायणगावात आम्ही नेहमी एका टपरीवर चहा घ्यायचो. चाचा किल्ली काढून खिशात टाकायचे, मला पण खाली उतरवायचे, शिकणारं माणूस गाडीत एकटं बसवायचं नाही म्हणून. तिथं जानकू नावाचा जीपवाला बसलेला होता. आहुप्याकडं जीप चालवतो, टायर बदलायला आला होता. टपरीवाल्याला सांगत होता, काय काय नमुने पॅसेंजर भेटतात.

"आमच्याकडं एक साळुबाई हाय बघा. वाडी येती, जीप वाडीवरून जाती, म्हातारी गप्प. सगळे पत्रा वाजिवतात, ही हात मांडीखाली घालून बसती. मग जाती थेट आहुप्यापर्यंत आन तिथनं तेवढी वाट परत उतरती चालत. म्हणलं, आजे, वाजीव की गं पत्रा, पैसे पडतात का त्याला? म्हणती, न्हाई रं बाबा, पत्रा वाजिवल्यावर मानूस मरतं."

टपरीवाला हसला.

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. मी चाचांकडं बघितलं. ते उभे होते, टपरीच्या खांबाला धरून. मी विचार केला असता तर गप्प बसले असते कदाचित. पण मी बोलूनच गेले, "जानकूभाऊ, तिचा एक कान... कानाला काय झालंय का?"

"डावा बहिरा हाय. का वं? वळख हाय का तुमची?"

चाचा सरळ गाडीकडं गेले. किल्ली मला दिली. मागं बघ पण म्हणाले नाहीत.  मी दोनदा गाडी बंद पाडली तरी टोमणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ते गाडीपाशी उभे, स्वच्छ कपडे, डोक्यावर टोपी, ईदला घालतात तसली. पाट्या पुसून झालेल्या.

"मागं बघ," ते म्हणाले.

"मागं कुणी न्हाई चाचा."

"घोडेगावच्या रस्त्यानं घे."

कुठं जायचं ते मला माहीत होतं.

एवढी लांब मी कधी चालवली नव्हती. घोडेगाव गेलं, डिंभे गेलं, आणि पाणी सुरू झालं, डावीकडं, उजवीकडं, वळेल तिथं पाणी. ऊन होतं तरी पाण्यावर एक पांढरा थर होता, हलत नव्हता. चाचा सांगत होते, वळणावर हॉर्न, चढाला गियर कमी, उतरणाऱ्यापेक्षा चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आवाज अगदी नेहमीसारखा. पण मोरी आली ना, मला कुणी सांगितलं नव्हतं की हीच ती, तरी मला कळलं, कारण गाडी जड झाली. कठड्याचा एक कोपरा नवीन सिमेंटचा, बाकीचा जुना काळा. आम्ही तिथं थांबलो. इंजिन बंद पडलेलं.

"आता वाजलं?" मी विचारलं.

"हां."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी खरं सांगते, मी मागं बघितलं. सीट रिकामी.

"चाचा, परत जायचं का?"

"नको," ते म्हणाले. "चालू कर."

वाडी रस्त्यापासून थोडी वर. चार-पाच घरं, एका अंगणात गोणपाटावर हिरडे वाळत घातलेले, आणि त्याच्यापाशी म्हातारी बसलेली. डावा कान पदरानं झाकलेला. आम्ही आलो तेव्हा तिनं वर बघितलं, आधी मला, मग चाचांना. चाचांनी टोपी काढली, परत घातली. 

मीच म्हणाले, "आजी, हे जुन्नरचे. गाडी शिकवतात. खूप वर्षांपूर्वी..."

"गप तू," म्हातारी म्हणाली.

ती उठली. चाचांच्या अगदी जवळ आली, उजवा कान पुढं करून, असं वाटलं ऐकतेय. मग म्हणाली, "आदी मला एक सांग. त्ये पोरगं मेलं का जगलं?"

चाचांना कळलंच नाही.

"गाडी हाकणारं पोरगं! चाकावर डोस्कं ठिवून पडलं व्हतं. भोंगा वाजत व्हता त्याच्या डोस्क्याखाली. म्या पत्रा वाजिवला आन त्ये मेलं. म्या बघितलं आन पळाले. वाटंनं चढत व्हते तर भोंगा मागनं यायचा, घरात शिरले तरी यायचा. आजून येतो. ह्या कानानं काय ऐकू येत न्हाई, पर भोंगा येतो."

"संपत?" चाचा म्हणाले. "मावशी, संपत जगलाय. त्याचा टेम्पो हाय स्वतःचा. टोमॅटो वाहतो. दोन पोरी हायेत त्याला."

"खोटं न्हाई ना बोलत?"

"अल्लाची शपथ."

म्हातारी खाली बसली, जिथं उभी होती तिथंच. पदर तोंडात कोंबला. चाचा तिच्यासमोर मातीत बसले, ईदच्या कपड्यांत. एवढी वर्षं ती मेली असेल म्हणून हे पाय दाबत होते आणि तो मेला म्हणून ती हात मांडीखाली घेऊन बसत होती. मध्ये फक्त एक घाट. कुणीतरी विचारायला पाहिजे होतं, बास.

"मग तू का आला न्हाईस रं सांगायला?" ती म्हणाली.

"भ्यालो, मावशी. वाटलं तुमी..."

"म्या कशी मरीन? मला ह्या घाटातलं जीपवालं बी मारू शकलं न्हाईत."

चाचा हसले. का रडले, दोन्ही असेल. मग त्यांनी खिशातून तो कप्प्यातला वाळलेला हिरडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. साळुबाईनं तो उलटापालटा केला, दातानं टोकरून बघितला.

"किडलाय ह्यो," ती म्हणाली आणि अंगणाबाहेर फेकून दिला.

तिला लेकीकडं जायचं होतं त्या दिवशी, आहुप्याच्या अलीकडं, रस्त्यालगतच घर. जीपची वाट बघणार होती. चाचा म्हणाले, "बसा मावशी. मी सोडतो." म्हणाले आणि थांबले. कारण गाडी मी चालवत होते आणि माझ्या गाडीत मागं कुणी बसत नाही.

साळुबाई पायरी उतरून गाडीपाशी जाऊन उभी पण राहिली.

चाचांनी माझ्याकडं हात केला. किल्ली. मी दिली.

"पाट्या काढ," ते म्हणाले. "आता शिकणारं माणूस चालवत न्हाई."

मी पुढची मागची पाटी काढून पायाशी ठेवली आणि त्यांच्या जागेवर बसले, डावीकडं. माझ्या पायाशी तो दुसरा ब्रेक. चाचा स्टेअरिंगवर बसले. सीट पुढं घेतली, मागं घेतली, आरसा नीट केला. किल्ली दोनदा भोकाच्या बाहेर आपटली. मी पाय ब्रेकवर ठेवला, जसा ते माझ्यासाठी ठेवायचे. त्यांनी ते बघितलं आणि मान हलवली, असू दे म्हणून.

गाडी निघाली. इतकी अलगद की मला कळलंच नाही कधी पहिला सुटला आणि दुसरा पडला. साळुबाई मागं हात मांडीखाली घालून बसली होती. झाडी दाट व्हायला लागली. तिकडं देवराईच्या बाजूला दिवसा पण अंधारून येतं.  मला वाटत होतं आता काहीतरी होणार.

"लेकीचं घर कुठं आलं?" चाचांनी विचारलं.

साळुबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"मावशी?"

"म्होरं हाय."

रस्ता वळला. एक घर दिसलं, दारात निळा ड्रम, एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं गाडीकडं बघितलं. साळुबाईनं तिच्याकडं बघितलं. आरशात मला दिसत होतं, तिचे ओठ हलत होते.

चाचांना पण दिसलं होतं. पण त्यांनी गाडी थांबवली नाही. फक्त हळू केली, अगदी माणसाच्या चालीइतकी. "मावशी," ते म्हणाले, "आमची गाडी पत्रा वाजिवल्याबिगर थांबत न्हाई."

"नको रं बाबा."

"वाजवा."

"नको म्हणते ना!"

घर मागं पडायला लागलं. चाचांच्या कानापासून घामाची एक धार खाली आली. मी माझा पाय दाबणारच होते, देवाशप्पथ. आणि मग साळुबाईनं मांडीखालून हात काढला, खिडकीतून बाहेर घातला, वर नेला. किती वेळ तो हात तसाच वर, मला टपावरून तिच्या बांगड्या किणकिणल्याचं ऐकू आलं.

धाड. धाड.

चाचांनी ब्रेक लावला. गाडी थांबली. समोरच्या कप्प्यात माझी पाण्याची बाटली उभी होती, ती हलली पण नाही.

कुणीच उतरलं नाही. तिघं ऐकत होतो. इंजिनचा आवाज, लांब कुठंतरी एक पक्षी. भोंगा नाही. थोड्या वेळानं साळुबाई म्हणाली, "दार कसं उघडतं ह्याचं?" मी उतरून उघडून दिलं.

परत येताना चाचा म्हणाले, तू चालव, एकदा उतरणीचा पण सराव झाला पाहिजे. पाट्या परत लावल्या. त्यांनी रुमाल काढून पुसल्या.

"मागं बघ."

मी बघितलं. सीटवर साळुबाईच्या गठुड्यातून सांडलेले दोन-तीन ताजे हिरडे होते.

"मागं कुणी न्हाई, चाचा."

आम्ही निघालो. चाचा एकदम हलके झाले होते, बोलत होते, संपतला आजच फोन लावतो, त्याला घेऊन येतो इकडं, हसीनाला पण आणतो. मी हसत होते. आणि मग ती मोरी आली, नव्या सिमेंटच्या कोपऱ्याची, आणि गाडी जड झाली.

मी खाली बघितलं. बूट ब्रेकवर होता. चाचांनी पण खाली बघितलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा पाय आहे.

"वाजलं?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "खरंच न्हाई वाजलं काही. ह्या पायाला कळलं न्हाई अजून, बेटा."

मी क्लच दाबला, गाडी बंद पडू दिली नाही. पहिल्यात टाकली आणि थांबून राहिले, त्यांचा पाय उचलेपर्यंत.